वयात आलेला मोत्या घर का सोडतो?

पोळा झाला, भाद्रपद लागला की आम्हा जनावरांच्या डॉक्टरांकडे एक तक्रार ठरलेली असते. मोत्या रात्रीचा निघून जातो, दोन-दोन दिवस घरी येत नाही, बांधला तर रात्रभर भुंकतो. वय विचारावे तर आठ महिने ते दीड वर्ष.

आरोग्याच्या सदरात कुत्र्याचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण रात्रभर हिंडून, भांडून आलेला मोत्या पहाटे ज्या अंगणात येऊन पडतो, त्याच अंगणात आपली लेकरे खेळतात. तेव्हा हा प्रश्न आधी घराच्या आरोग्याचा आहे आणि मग कुत्र्याच्या इमानाचा.

खरे तर इमानाचा यात संबंधच नाही. नर साधारण सहा ते नऊ महिन्यांत वयात येतो. कुत्री माजावर आली की तो काळ सुमारे तीन आठवडे चालतो आणि तिचा वास नराला फार लांबून लागतो. आपल्याकडील गावठी कुत्री बहुतांशी पावसाळ्याच्या शेवटी माजावर येतात. भाद्रपद उगाच बदनाम झालेला नाही. शिवाय हे वयच हट्टाचे. इंग्लंडमधील संशोधकांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांचे असताना मालकाने सांगताच बसणारी पिल्ले आठव्या महिन्यात मालकाचे ऐकेनाशी झाली, परक्याचे मात्र ऐकत होती! पुढे ती ताळ्यावर आली. घरात दहावीचा मुलगा असणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही.

बाहेर गेलेल्या कुत्र्याला परभणी रस्त्यावरचे ट्रक आहेत, बसस्टँडजवळच्या टोळ्यांशी भांडणे आहेत. समागमातून लिंगावर रक्ताळलेली गाठ होण्याचा एक कर्करोगही एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागतो. इंजेक्शनांनी तो बहुधा बरा होतो, पण लोक लाजेपोटी महिना-महिना दाखवत नाहीत.

सर्वांत मोठी भीती अर्थातच रेबीजची. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा' हे सर्वांना पाठ आहे. पण तो हिशोब माणसाला चावलेल्या कुत्र्याचा. पिसाळलेले कुत्रे आपल्या मोत्याला चावले असेल, तर दहा दिवसांनी निर्धास्त होता येत नाही. रोग आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उमटतो आणि लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत विषाणू असू शकतो. म्हणून अंगावर चावे घेऊन आलेल्या कुत्र्याला उघड्या हातांनी कुरवाळू नका. हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून जखमा साबणाने धुवा आणि पूर्वी लस दिली असली तरी त्याच दिवशी पुन्हा टोचून घ्या. पहिली लस तिसऱ्या महिन्यात, म्हणजे घर सोडण्याच्या वयाच्या कितीतरी आधी दिलेली असावी आणि पुढे दरवर्षी.

आता उपायाचे. लोक दोनच उपाय करतात, साखळी आणि काठी. माझ्या मते दोन्ही चुकीचे. चोवीस तास साखळीला असलेले तरणे कुत्रे चिडखोर होते. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चावणाऱ्या कुत्र्यांमध्ये न खच्ची केलेले नर आणि साखळीला बांधलेली कुत्री जास्त आढळली. काठीचे तर विचारूच नका. तीन दिवसांनी दमून परत आलेल्याला झोडपले, तर मार पळाल्याबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. घरी आल्यावर मार मिळतो, एवढेच तो शिकतो.

त्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास दोरीने फिरवून त्याला दमवा. भाकरीची वेळ ठरवा आणि संध्याकाळची भाकरी अंधार पडताना घरातच द्या. हाक मारल्यावर आला की दर वेळी तुकडा द्या. लांब दोरी लावून आखाड्यावर हा सराव महिनाभर केला तर फरक दिसतो. रात्री मोकळा, पण कुंपणाच्या किंवा फाटकाच्या आत. दिवाळीत फटाक्यांना घाबरूनही कुत्री पळतात, तेव्हा त्या चार रात्री तरी खोलीत घ्या.

आणि खच्चीकरण. याला आपल्याकडे नाके मुरडतात. 'नर आहे, त्याचा राखणीचा जोर जाईल.' अहो, बैल खच्ची करून आपण पिढ्यान्‌पिढ्या शेत नांगरले, त्याचा जोर कुठे गेला? शस्त्रक्रियेनंतर बहुतेक नरांचे भटकणे कमी होते, सर्वांचे नाही. परक्यावर भुंकणे मात्र जात नाही. कोणत्या वयात करावी हे जात आणि अंगलट पाहून ठरते, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारा. घरी कुत्री असेल तर तिचीही करून घ्या, म्हणजे गल्लीतले दहा नर दाराशी जमणार नाहीत.

तरीही एखाद्या रात्री मोत्या निसटलाच आणि परतताना कोणाला चावला, तर जखमेवर तिखट, चुना, हळद काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि सरकारी दवाखाना गाठा. तेथे लस मोफत मिळते. पोटातली ती चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली. हल्ली सुई दंडात देतात. मात्र जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेभोवती सीरमही द्यावे लागते, ते आवर्जून विचारा.