गढूळ बिअर जोखताना

अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनने २०१८ साली 'ज्यूसी ऑर हेझी' बिअरला आपल्या शैलीसूचीत स्वतंत्र जागा दिली आणि पेल एलमध्ये तोवर दोष मानला जाणारा गढूळपणा एकदम गुण ठरला. आता पेला उजेडात धरला आणि पलीकडचे बोट दिसले नाही, एवढ्यावरच रूपाचे पूर्ण गुण देण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. गढूळपणा कशामुळे आला हे ओळखल्याशिवाय त्याला गुण देऊ नयेत आणि कापूही नयेत.

हेझी आयपीएतला गढूळपणा ओट्स-गव्हाची प्रथिने आणि हॉप्समधील पॉलिफेनॉल यांच्या जोडीतून येतो. बव्हेरियन गव्हाच्या बिअरमध्ये त्यात यीस्टची भर पडते. थंडीने आलेला धूसरपणा पेला हातात उबवला की निवळतो. दिसायला यांच्यासारखाच, पण जातीने वेगळा असतो तो साखर न झालेल्या स्टार्चचा. अहिल्यानगर जिल्ह्यातील ज्वारी बिअरमध्ये वापरू पाहणाऱ्यांनी आधी त्याच्याकडे पाहावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा असे रब्बी वाण दिले आहेत. धान्याची वानवा नाही. अडचण तापमानाची आहे. बार्लीचे स्टार्च साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला फुलते, ज्वारीचे ७० च्या आसपास आणि त्याहून वर. तेवढ्या उष्णतेत माल्टमधली साखर करणारी विकरे निकामी होऊ लागतात. म्हणून ज्वारी वेगळी शिजवून, निववून मगच मॅशमध्ये घालावी लागते. इथे घाई झाली तर पेला झकास धूसर दिसतो, पण बिअरमध्ये उरलेले स्टार्च पुढे रानटी यीस्ट आणि जिवाणूंचे आयते खाद्य होते.

ज्वारीच्या आंबिलीला गढूळ म्हणून कोणी नावे ठेवत नाही, मग बिअरलाच का, असे कोणी विचारील. आंबील ताजी करून लगेच संपवतात. बिअरला केगमध्ये आठवडेच्या आठवडे टिकायचे असते. परीक्षकाच्या टेबलावर प्रयोगशाळा नसते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरी पॉलिफेनॉल जास्त झाले तर जीभ तुरटते, यीस्ट जास्त असेल तर कच्च्या कणकेचा वास येतो, एवढे जिभेला आणि नाकाला कळते. स्टार्चची खात्री मात्र ब्रुअरनेच करायची आहे: मॅशचा थंड केलेला थेंब पांढऱ्या बशीत घ्यावा, त्यावर आयोडीन सोडावे, निळा-काळा रंग आला तर काम अपुरे आहे. ही नोंद ब्रुअरने प्रवेशिकेसोबत जोडावी, आणि ज्वारीच्या गढूळ बिअरला रूपाचे गुण देण्यापूर्वी परीक्षकांनी ती मागून घ्यावी.