सेनापतीने कोठे बोलावे?

गतवर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत विषय होता : ‘सेनाधिकाऱ्यांना राज्यकर्त्यांवर जाहीर टीका करण्याचा हक्क असावा.’ मी अनुकूल बाजूने बोललो. रक्त सांडणाऱ्याने गप्प बसायचे आणि ज्याने कधी बंदूक धरली नाही त्याने हुकूम सोडायचे, हा कुठला न्याय? असा सवाल टाकताच टाळ्यांचा कडकडाट झाला. बक्षीसही मिळाले. आज मला ते भाषण मागे घ्यायचे आहे. ज्यांनी टाळ्या वाजविल्या त्यांच्यापुढेच ते मागे घेणे बरे.

माझ्या भाषणाचा नायक होता जनरल डग्लस मॅकआर्थर. दुसरे महायुद्ध गाजविलेला हा सेनानी १९५० साली कोरियात संयुक्त राष्ट्रांच्या फौजांचा सरसेनापती होता. सप्टेंबरात इंचॉन येथे सैन्य उतरवून त्याने हरत आलेली बाजी फिरविली. हे मी सांगितले होते. पुढचे सांगितले नव्हते. ऑक्टोबरात वेक बेटावर त्याने अध्यक्ष ट्रूमन यांना सांगितले की, चीन युद्धात उतरण्याचा संभव फार थोडा. पण महिना-दीड महिन्यात चिनी फौजा त्याच्या सैन्यावर तुटून पडल्या. तेव्हा युद्ध चीनपर्यंत न्यावे असे जनरलचे मत पडले. त्यातून तिसरे महायुद्ध पेटेल अशी ट्रूमन यांना धास्ती होती.

येथवर तो केवळ मतभेद होता, आणि मतभेद असायचेच. परंतु धोरणाविषयीची जाहीर विधाने आधी मंजूर करून घ्यावीत, असा आदेश डिसेंबरात निघाला होता. तरीही मार्च १९५१ मध्ये ट्रूमन तहाच्या बोलण्याची तयारी करीत असताना जनरलने परस्पर चीनला दटावणारे निवेदन काढले. त्याच महिन्यात त्याने विरोधी पक्षाचे नेते जोसेफ मार्टिन यांना पत्र लिहिले. ते ५ एप्रिलला प्रतिनिधिगृहात वाचले गेले. ११ एप्रिलला ट्रूमन यांनी त्याला पदावरून दूर केले.

लोक जनरलच्या बाजूने होते. न्यूयॉर्कमध्ये त्याची प्रचंड मिरवणूक निघाली. मग सेनेटच्या समित्यांपुढे चौकशी झाली. तेथे जनरलला उलटे प्रश्न विचारले गेले. जनरल ब्रॅडली आणि अन्य सेनाप्रमुख यांनीही साक्षी दिल्या, आणि त्याच्याच पेशातल्या या माणसांनी चीनशी युद्ध वाढविण्यास विरोध केला. मिरवणुकीत हे कळले नसते. तेथे फक्त टाळ्या असतात. मलाही त्याच मिळाल्या होत्या.

माझे मामा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. बक्षीस दाखवायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “हुकूम चुकीचा वाटला तर साहेबाच्या खोलीत जाऊन तोंडावर सांगावं. फॉलिनमध्ये उभं राहून सांगितलंस, तर तुझं म्हणणं खरं असलं तरी पलटण मोडते.”

पण खोलीतला साहेब ऐकतच नसेल तर? हा प्रश्न मला अजून छळतो. १९५९ साली आपले सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी न पटल्याने राजीनामा दिला. नेहरूंच्या आग्रहावरून तो मागे घेतला. पण बातमी फुटली आणि नेहरूंनी लोकसभेत जनरललाच बोल लावला. १९६२ चा पराभव त्यानंतरचा. त्याची किंमत जवानांनी दिली, हे विसरता येत नाही. तरीही मेनन गेले ते कोणा सेनापतीच्या जाहीर पत्रकामुळे नव्हे, तर संसदेतील लोकप्रतिनिधींच्या, विशेषतः त्यांच्याच पक्षाच्या खासदारांच्या रेट्यामुळे. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले.

म्हणून आज माझे मत असे : सेनाधिकाऱ्याने बंद दाराआड निर्भीडपणे बोलावे, लोकप्रतिनिधींनी विचारले तर खरे सांगावे, आणि मन मानेनासे झाले तर राजीनामा द्यावा. पण अंगावर गणवेश असताना सभा जिंकू नये. राज्यकर्त्यांना जाहीरपणे जाब विचारणे हे त्याचे काम नव्हे; ते आपले, मतदारांचे काम आहे. आपण ते टाळतो, म्हणूनच कोणी सेनापती बोलला की आपल्याला इतके बरे वाटते.

— तृतीय वर्ष कला