विषय कोण निवडतं?

दहावीचा निकाल लागला की वस्तीत आठवडाभर एकच सवाल. किती पडले? त्याच्या पाठोपाठ दुसरा. आता काय घेणार? ८५ पडले तर सायन्स. ६५ पडले तर कॉमर्स. ५० पडले तर आर्ट्स घे नि गप बस. पोराला, पोरीला काय व्हायचंय, हे कोणी विचारत नाही. जन्माची उतरंड शाळेच्या ऑफिसात टक्क्यांची उतरंड होऊन बसलीय. आणि आपणही तिच्यापुढं मान खाली घालून उभे.

दोस्ता, तुला वकील व्हायचंय ना? मग ऐक.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्याच्या पोराला ते मिळालं नाही. फारसी घ्यावी लागली. तो विषय बाबासाहेबांनी निवडला नव्हता, जातीनं निवडला होता. आज तसं तोंडावर म्हणायची छाती नाही कोणाची. आज म्हणतात, 'तुला झेपणार नाही.' 'तुमच्या लोकांना आर्ट्सच बरं.' शब्द बदलले, मतलब तोच.

खरी गोष्ट अशी, की कायद्याच्या शिक्षणाला कुठल्याच शाखेची अट नाही. बारावी आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, काहीही चालतं. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांत किमान ४५ टक्के लागतात, आपल्याला ४०. म्हणजे आर्ट्सवाला वकील होतो, सायन्सवालाही होतो. खुद्द बाबासाहेब आधी अर्थशास्त्रात एम. ए. झाले, १९१५ साली. बॅरिस्टर त्यानंतर, १९२२ साली.

मग काहीही घेतलं तरी चालेल? नाही. दार उघडं आहे म्हणून आत हात हलवत जायचं नसतं.

चवदार तळ्याचा खटला आठव. मार्च १९२७ मध्ये आपण पाणी प्यालो. डिसेंबरात महाडच्या सवर्णांनी बाबासाहेबांवर दावा ठोकला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न द्यायची आमची अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असं त्यांचं म्हणणं. हायकोर्टाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. अनादी वहिवाट सिद्ध झाली नाही, असं कोर्टानं ठरवलं. ओंजळभर पाण्याला १० वर्षं!

आता बघ, हा खटला लढायला कुठले विषय लागतात. अनादी म्हणजे कधीपासून? हा इतिहासाचा प्रश्न. तळं खासगी की नगरपालिकेचं? हे नागरिकशास्त्र, आणि सोबत जुने दस्तऐवज वाचायची चिकाटी. आजवर कोणी आलं नाही म्हणून यायचा हक्कच नाही, हे म्हणणं कुठं फसतं? हे तर्कशास्त्र. ते अकरावीला आर्ट्समध्ये आजही आहे. पोरं त्याला हसतात. हसू देत.

आणि भाषा. अॅट्रॉसिटीच्या कायद्यात जातीवरून अपमान चारचौघांना दिसेल अशा ठिकाणी झाला पाहिजे, असं कलम आहे. २०२० साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं, चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालं तर हे कलम लागत नाही. म्हणजे आपली बाई ठाण्यात रडत सांगते तेव्हा 'कुठं घडलं, कोण उभं होतं' हे नीट लिहिलं गेलं का, यावर केस उभी राहते नाहीतर मरते. ते लिहिलेलं वाचून 'साहेब, हे वाक्य राहिलं' असं सांगणारं माणूस तिच्या शेजारी पाहिजे. ते माणूस व्हायचं, तर मराठीचा तास बुडवून चालणार नाही. तालुक्याच्या कोर्टात साक्षीदार मराठीतच बोलतो.

इंग्रजीचं काय? घटनेच्या ३४८व्या कलमानुसार सुप्रीम कोर्टाचं आणि हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅटही इंग्रजीतच. हे आपल्याला आवडो न आवडो. मराठी मीडियमवाल्यांनो, इंग्रजीला घाबरून पळू नका, आणि मराठीची लाज धरू नका. आपल्याला दोन्ही हत्यारं लागतात. क्लॅटमध्ये दहावीच्या पातळीचं गणितही येतं, म्हणून दहावीनंतर गणिताचं पुस्तक रद्दीत घालू नका.

कॉमर्सवाल्यांनो, पुस्तपालन मन लावून शिका. सावकाराची वही, कंत्राटदाराचा मस्टर, बुडवलेली मजुरी, सगळे आकडेच असतात. सायन्सवाल्यांनो, तुमचंही वाया जात नाही. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट वाचता येणारा वकील आपल्याकडं किती ठिकाणी आहे?

आई म्हणेल डॉक्टर हो. तिचं चुकत नाही. तिनं दवाखान्याची रांग बघितलीय. पण कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर उकिडवा बसून तारीख घेऊन परतणारा बापही आपलाच आहे ना? त्याचा कागद त्याला वाचून कोण दाखवणार?

म्हणून अॅडमिशनच्या फॉर्मवर विषयांचा रकाना येईल तेव्हा क्लार्कला विचारू नकोस, टक्क्यांनाही विचारू नकोस. कुणाची केस लढायचीय ते आधी ठरव, आणि रकाना स्वतःच्या हातानं भर.

जय भीम!