पाच जूनला शाळा बंद असते
भडगावातल्या एका प्राथमिक शाळेच्या भिंतीवर ‘झाडे लावा, झाडे जगवा’ वाचलं, पण या आठवड्यात डोक्यात राहिला तो त्याखालचा हात धुण्याचा नळ. खिचडी खाऊन पोरं ताटल्या धुतात, ते पाणी चारीतून थेट परसबागेत जातं. तिथं अळू माजलाय, भरताची वांगी लागलीत. पर्यावरणाचा धडा असावा तर असा. नाहीतर तो जागतिक पर्यावरण दिन! १९७३ पासून जग तो ५ जूनला साजरा करतं आणि आपल्या शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. म्हणजे रोपं लावायला हजर कोण, तर गुरुजी, पाहुणे आणि फोटोग्राफर. (तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सव जुलैत ठेवला, त्यांना पावसाचं गणित कळत होतं.) माझं मत विचाराल तर खान्देशात झाडांचा सण एप्रिलातच हवा. तुम्ही म्हणाल, भर उन्हात झाडं लावायची? लावायची नाहीत हो, मोजायची! पारा चाळिशीपार जातो, गिरणा धरणातून सुटणाऱ्या पाण्याच्या आवर्तनाकडे सगळे डोळे लावून बसतात, तेव्हाच कळतं जुलैतलं रोप जगलं की नुसतं आळं उरलं. प्रमाणपत्रं त्या दिवशी वाटा. आणि पाहुण्यांनी येताना घागरभर पाणी आणावं, हार आम्हीच घालू.