विम्याने कानाआड केलेला प्रश्न

सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्याची योजना केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी अमलात आणली. आयुष्मान भारत योजनेचा हा विस्तार स्वागतार्हच होता. मात्र उतारवयात घरोघरी आढळणारा श्रवणदोष या कार्डाच्या कक्षेबाहेरच राहिला. योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च तीत धरलेला नाही. ऐकू येईनासे झाले म्हणून कोणी खाटेवर पडत नाही. त्याला लागते ते श्रवणयंत्र, आणि तेच नेमके विम्याला दिसत नाही.

ही उणीव आजची नाही. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आणले, तेव्हापासून चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र ही त्रयी वगळलेल्या खर्चांच्या यादीत मुक्काम ठोकून आहे. बाह्यरुग्ण खर्चाची जोड असलेल्या काही मोजक्या पॉलिसी सोडल्या, तर खासगी कंपन्यांनीही तोच पायंडा चालविला. श्रवणयंत्रावर वस्तू व सेवा कर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील करही शून्य झाला. दोहोंवरचा कर सरकारने सोडला. दोहोंची गाठ मात्र घालून दिली नाही.

मोतीबिंदूचे उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. तोही वयाबरोबर येतो, त्याचाही अंदाज आधी बांधता येतो. तरीही त्याची शस्त्रक्रिया आणि डोळ्यात बसविले जाणारे भिंग यांचा खर्च, ठरावीक प्रतीक्षाकाळानंतर, विमा कंपन्या देतात. कारण तेथे शस्त्रक्रिया आहे. कानामागे बसणाऱ्या यंत्राला टाका घालावा लागत नाही, एवढ्याच कारणाने ते चैनीच्या पंक्तीत बसविले गेले. उपचाराने माणसाला काय परत मिळते, हे न पाहता तो कोठे झाला हे पाहणारी ही रीत आहे.

सरकारला हा प्रश्न ठाऊक नाही, असेही म्हणता येत नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत, म्हणजे सीजीएचएसमध्ये, तज्ज्ञाची शिफारस व श्रवणचाचणीचा अहवाल जोडल्यास यंत्राच्या प्रकारानुसार कमाल मर्यादेपर्यंत परतफेड मिळते. सीजीएचएस की सत्तरीनंतरचे आयुष्मान कार्ड, यांतून एकाची निवड करताना निवृत्त अधिकाऱ्यांनी हा फरक ध्यानी घेतलेला बरा. दुसऱ्या टोकाला गरिबांसाठी १९८१ पासूनची ‘एडिप’ आणि २०१७ ची ‘राष्ट्रीय वयोश्री’ या योजना आहेत. मधला मोठा वर्ग मात्र दोन्हींकडून सुटतो. छोटा दुकानदार, खासगी नोकरीतून निवृत्त झालेला कारकून यांचे उत्पन्न योजनेच्या मर्यादेपेक्षा अधिक आणि यंत्राच्या किमतीपेक्षा उणे, अशी त्यांची कोंडी आहे.

कायद्याची व्याख्या ही कोंडी आणखी घट्ट करते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची हानी असल्यासच ती व्यक्ती ‘ऐकण्यास कठीण’ गणली जाते. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानातील ३५ डेसिबलपुढची हानीच पुनर्वसनयोग्य मानते. या दोन आकड्यांच्या मध्ये जो सापडतो, त्याला घरातले संभाषण नीट ऐकू येत नाही आणि प्रमाणपत्रही मिळत नाही.

प्रश्न रेंगाळण्यामागे प्रशासकीय कारणही आहे. कानाचा आजार आरोग्य मंत्रालयाकडे, यंत्राचे वाटप सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आणि विम्याचे धोरण अर्थ मंत्रालयाकडे. बधिरत्व प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला; परंतु निदान झालेल्या रुग्णाने यंत्राचे पैसे कोठून आणावेत, याचे उत्तर देण्याची जबाबदारी तिघांपैकी कोणा एकाची नाही.

विमा कंपन्यांचा आक्षेप असा की, ज्याला यंत्र हवे तोच पॉलिसी घेईल आणि हप्ते वाढतील. आक्षेप अगदीच निराधार नाही. पण त्यावर उपाय आहेत. प्रतीक्षाकाळ, प्रतिकान कमाल रक्कम, श्रवणचाचणीची सक्ती आणि काही वर्षांतून एकदाच दावा, एवढ्या अटी पुरेशा ठराव्यात. सीजीएचएसच्या अनुभवाचा आधारही हाताशी आहे. मानसिक आजारांबाबत कंपन्या असाच नकार देत असत. २०१७ च्या कायद्याने शारीरिक आजारांच्या बरोबरीने त्यांनाही विमा देण्याचे बंधन घातले आणि पुढल्याच वर्षी नियामकाने तसे आदेश काढले. मात्र नुसते यंत्र देऊन भागणार नाही. ते कानाला जुळवून देणे आणि नंतरची तपासणी यांचा खर्चही धरला नाही, तर यंत्र कपाटात पडून राहते.

गावाकडचे घर बंद करून मुलांपाठोपाठ दिल्ली वा इंदूरला आलेल्या मराठी वृद्धांना याची झळ अधिक बसते. ओळखीच्या माणसांचे बोलणे ओठांवरून, सवयीने उमगत असे. परक्या भाषेत तो आधारही सुटतो. मग डॉक्टरांची सूचना अर्धी कळते, शेजार तुटतो, माणूस गप्प होत जातो. श्रवणदोषाकडे दुर्लक्ष केल्यास स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असे ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने २०१७ पासून वारंवार सांगितले आहे. म्हणजे आज यंत्रावर वाचविलेला पैसा उद्या दीर्घ शुश्रूषेवर खर्च होणार, ही शक्यता अर्थखात्यानेही विचारात घ्यावी.

सत्तरीपुढील सर्वांना सामावून घेण्याची राजकीय इच्छाशक्ती सरकारने दाखविली आहे. त्याच कार्डात श्रवणयंत्रासाठी स्वतंत्र, मर्यादित तरतूद करणे आणि विमा नियामकाकरवी वगळलेल्या खर्चांची जुनी यादी तपासून घेणे, ही त्यापुढची पायरी ठरावी. आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सरकारने जे आवश्यक मानले, ते इतर नागरिकांसाठी अनावश्यक कसे, याचे उत्तर या पायरीवर अडखळणाऱ्यांना द्यावेच लागेल.