दिव्याचे कौतुक पुरे, आता पंख्याचाही हिशेब मांडा

३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० या प्रक्षेपकासोबत चवळीच्या ८ बिया अवकाशात गेल्या. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने घडवलेल्या ‘क्रॉप्स’ या छोट्या बंद पेटीत त्या ४ दिवसांत रुजल्या, पुढे त्यांना पानेही फुटली. देशभर त्या पानांचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण त्या पेटीत ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, आर्द्रता, तापमान आणि मातीतील ओलावा यांची सतत नोंद होत होती, याची चर्चा फारशी झाली नाही. माझ्या मते त्या प्रयोगाचे खरे मोल या नोंदींत होते.

हा मुद्दा अवकाशापुरता नाही. चकचकीत अस्तराचा कापडी तंबू, वर एलईडी दिवा आणि आत कुंड्या असा ‘ग्रो टेंट’ आता महाविद्यालयीन प्रकल्पांच्याही आवाक्यात आला आहे. प्रकल्पाच्या अहवालात दिव्याचे वॅट लिहिले जातात. हवेविषयी मात्र एखादी ओळही नसते. अशा अहवालावरून दुसऱ्या कोणाला तो प्रयोग पुन्हा करता येणार नाही. आणि जो प्रयोग पुन्हा करता येत नाही, त्याला विज्ञान म्हणण्याची घाई आपण करू नये.

साधे गणित पाहू. १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच तंबूत २ घनमीटर, म्हणजे सुमारे २.४ किलो हवा मावते. आत २०० वॅटचा दिवा आहे. त्याने घेतलेल्या विजेचा काही भाग प्रकाश होतो. पण तो प्रकाशही पानांत आणि अस्तरात शोषला जाऊन अखेर जवळजवळ सगळा उष्णतेतच मोडतो. प्रकाशसंश्लेषणात साठणारा वाटा अगदी थोडा असतो. ही सारी उष्णता हवेतच राहिली, तर तापमान मिनिटाला सुमारे ५ अंशांनी चढेल. प्रत्यक्षात काही उष्णता कापडातून निसटते, काही पानांतील पाण्याची वाफ करण्यात खर्च होते; पण ती वाफही बाहेर काढावीच लागते. आतील तापमान खोलीपेक्षा ३ अंशांहून अधिक वाढू द्यायचे नसेल, तर पंख्याने तासाला सुमारे २०० घनमीटर हवा खेचली पाहिजे. म्हणजे तंबूतील हवा तासाभरात १०० वेळा बदलायची.

दुसरा हिशेब कार्बन डायऑक्साइडचा. बंद तंबूतील २ घनमीटर हवेत तो जेमतेम दीड ग्रॅम असतो. १ चौरस मीटर हिरवे पर्णछत्र सेकंदाला १० मायक्रोमोल या मध्यम गतीने तो घेऊ लागले, तर तासाभरात सगळा साठा संपेल. त्याआधीच प्रकाशसंश्लेषण मंदावू लागते. अशा वेळी दिवा अधिक प्रखर करणे म्हणजे उपाशी माणसापुढे आणखी ताटे मांडायची, पण वाढायचे काहीच नाही.

प्रकाशाची मोजणीही योग्य एककात हवी. लक्स हे एकक मानवी डोळ्यासाठी आहे. डोळ्याला हिरवा रंग सर्वाधिक ठळक दिसतो. वनस्पतीसाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किती फोटॉन दर सेकंदाला पानावर पडतात, ते मोजावे लागते. लाल-निळ्या दिव्याखाली मोबाइलवरचे लक्स मोजणारे अॅप हमखास दिशाभूल करते.

‘विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला एवढा काटेकोरपणा कशाला?’ हा आक्षेप मी समजू शकतो. फोटॉन मोजणारे उपकरण महाग असते, हेही खरे. पण ते विभागात एकच असले तरी पुरते. आणि तापमान व आर्द्रतेचे संवेदक काही शे रुपयांत मिळतात. हवा खालून आत घ्यावी, वरून बाहेर काढावी; पानांभोवती साचलेली दमट हवा हलवण्यासाठी आत एक छोटा पंखा ठेवावा. दिवा विझला की हवा थंडावते, सापेक्ष आर्द्रता चढते आणि बुरशीला निमंत्रण मिळते. म्हणून तेव्हाही वायुवीजन बंद करू नये. दिल्लीच्या मे महिन्यात पंखा खोलीपेक्षा थंड हवा आणू शकत नाही. तेथे दिवे रात्री लावावेत. तंबूतील रोपाला दिवस केव्हा उगवतो, हे आपणच ठरवतो.

यात देशाचेही हित गुंतलेले आहे. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी रोज २२ तास प्रकाश देऊन गव्हाच्या वर्षाला ६ पिढ्या घेता येतात, हे दाखवले. वाराणसीच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन केंद्रात भातासाठी अशीच ‘स्पीडफ्लॉवर’ पद्धत विकसित झाली. तिच्या कृतीत प्रकाशाच्या रंगांइतक्याच स्पष्टपणे दिवसाचे ३२ आणि रात्रीचे ३० अंश तापमान व ६५ टक्के आर्द्रता नमूद आहे. उष्णता सोसणारे वाण शेतकऱ्याच्या हाती काही वर्षे आधी पडायचे असेल, तर हे तंत्र राबवणारी माणसे आजच्याच विद्यार्थ्यांतून घडायची आहेत.

म्हणून मार्गदर्शक प्राध्यापकांना माझी विनंती आहे : रोपाचे छायाचित्र पाहण्याआधी तापमान, आर्द्रता आणि हवेच्या प्रवाहाची वही मागा. ती कोरी असेल, तर प्रकल्प परत पाठवा.