कलावंताचे बलुते बंद करा!



उत्सव कमिटीचा जमाखर्च ज्यांनी कधी उघडून पाहिला आहे, त्यांस मी पुढे लिहितो ते नवे वाटणार नाही. मंडपवाल्याचे इतके, रोषणाईचे इतके, ध्वनिक्षेपकाचे इतके, मिरवणुकीच्या गाडीचे इतके. प्रत्येकाची पावती आणि प्रत्येकास आगाऊ रक्कम! आणि आपल्याच वस्तीतील शाहिराच्या नावापुढे? एक शाल व एक पुष्पहार. ज्या चित्रकाराने रात्री जागून व्यासपीठामागचा पडदा रंगविला, त्याच्या नावापुढे रंगाचा खर्च तेवढा लिहिलेला. मजुरीच्या रकान्यात रेघ. अशाच एका वहीखाली हिशेबतपासनीस म्हणून माझी स्वतःची सही आहे. कायदा शिकलेल्या माणसाने डोळे मिटून केलेल्या त्या सहीची आज मला लाज वाटते, म्हणूनच हे लिहीत आहे.

या प्रकारास आपण सेवा म्हणतो. मी त्यास बलुते म्हणतो.

बलुते म्हणजे काय होते? कामास सीमा नाही, वेळेस बंधन नाही आणि मोबदला ठरलेला नाही. देणाऱ्याची मर्जी हाच कायदा. आपल्या वाडवडिलांनी अहोरात्र गावच्या हाकेस ओ द्यावयाची आणि सुगीत खळ्यावर पदर पसरावयाचा! हे जोखड तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ च्या मार्च महिन्यात मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यास दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. त्याच वर्षीच्या १४ एप्रिलला पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी त्यांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली. वतने कायद्याने नष्ट होण्यास मात्र १९५८ चा अधिनियम यावा लागला. ज्या उत्सवाचा जन्म बलुत्याविरुद्धच्या लढ्याच्या वर्षी झाला, त्याच उत्सवाच्या मंडपात आपण आपल्या कलावंतास बलुतेदार करून उभा करतो, यासारखी विसंगती दुसरी कोणती?

यावर कोणी म्हणेल की, पूर्वीच्या जलसेकारांनी कोठे पैसा पाहिला होता? नाशिकचे भीमराव कर्डक व त्यांचे साथीदार जलसे घेऊन गावोगाव हिंडले ते पैशासाठी नव्हे. अगदी खरे! परंतु त्या काळी समाजापाशी पैसा नव्हता आणि जो तो आपापल्या परीने झिजत होता. आज मंडपवाल्यास कोणी त्याग शिकवितो काय? वीजजोडणी करणाऱ्यास चळवळीची आठवण करून देतो काय? त्याग हा ज्याने त्याने आपण होऊन करावयाचा असतो. दुसऱ्यावर लादला की त्याची पट्टी होते.

दुसरा आक्षेप असा की, कलेस दाम लावला म्हणजे ती पुन्हा तमाशाच्या वाटेस जाईल. हे म्हणणे उलटे आहे. तमाशात आपल्या माणसांचा अपमान झाला तो पैसे मिळाले म्हणून नव्हे, तर ते दौलतजादा म्हणून अंगावर फेकले गेले म्हणून. आंबेडकरी जलशाने तमाशाचा ढंग घेतला, परंतु त्यातील अश्लीलता व लाचारी टाकून दिली. ठरवून दिलेला मेहनताना हाच लाचारीवरचा उतारा आहे.

आता कायदा पाहू. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस बंदी आहे. स्वखुशीने गाणारा शाहीर वेठबिगार ठरत नाही, हे मी वकील या नात्याने मान्य करतो. परंतु ‘समाजाचे काम आहे, पैसे कसले मागतोस?’ असे चारचौघांत विचारल्यानंतर जी उरते, तिला स्वखुशी म्हणावयाचे काय?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कवीस त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे हक्क दिला आहे. वामनदादा कर्डक २००४ साली निवर्तले. म्हणजे त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. हौशी मंडळींनी तिकीट न लावता त्यांची गीते गाण्यास कायदा आड येत नाही. परंतु रचनाकार म्हणून ओळखले जाण्याचा जो हक्क ५७ व्या कलमाने दिला आहे, तो त्यामुळे बुडत नाही. तरीही आपल्या किती मंडपांतून गीताआधी कवीचे नाव घेतले जाते?

गाणाऱ्याचेही तसेच. १९९४ च्या दुरुस्तीने त्यास आपल्या प्रयोगावर स्वतंत्र हक्क मिळाला. या कायद्याच्या व्याख्येत गायकाबरोबर गारुडीदेखील बसतो. मग आपला शाहीर बाहेर कसा? २०१२ च्या दुरुस्तीने कलाकार म्हणून आपले नाव जाहीर व्हावे, अशी मागणी करण्याचाही हक्क त्यास दिला आहे. असे असता, एक गायक मध्यंतरी माझ्याकडे आला तो काय सांगत? जयंतीच्या रात्री त्याने गायिलेले गीत कोणी ध्वनिमुद्रित केले, ते विकले आणि वर नाव मात्र भलत्याच पार्टीचे! त्याने दाद मागितली, तेव्हा कमिटीने त्यासच समाजद्रोही ठरविले.

म्हणून माझे प्रत्येक उत्सव कमिटीस सांगणे आहे. कार्यक्रमापूर्वी मेहनताना ठरवा व तो लिहून द्या. कवी, संगीतकार, गायक व चित्रकार यांची नावे देणगीदारांच्या नावांइतक्याच ठळक अक्षरांत छापा. लेखी संमतीवाचून ध्वनिमुद्रण वा चित्रीकरण करू देऊ नका. आणि कलावंतास दान करावयाचेच असेल, तर रक्कम प्रथम त्याच्या हातात ठेवा. मग त्याने दिली तर रीतसर पावती फाडा. दाता म्हणून त्याचेही नाव यादीत येऊ द्या!

कलावंत बंधूंनो आणि भगिनींनो, तुम्हीही संकोच सोडा. धम्मदीक्षा घेतलेल्या माणसाने पदर पसरावयाचा नसतो, तसा आपला हक्कही सोडावयाचा नसतो. येत्या जयंतीच्या हिशेबवहीत तुमच्या नावापुढे रेघ दिसली, तर मी त्या वहीवर सही करणार नाही. वाचकहो, तुम्हीही करू नका.

जय भीम!